प्रकल्प नोंदी : चार चिंचोके, पाचशे दानं

२२ जुलै २०२४, सोमवार

बारावीचा संभाव्यता वितरणाचा धडा दोन आठवड्यांवर आलाय. दरवर्षी हा धडा एकाच जागी अडतो. गणितं पोरांना येतात. तक्ता भरतात, संभाव्यतांची बेरीज एक येते का ते बघतात, अपेक्षित मूल्य काढतात. पण 'यादृच्छिक चल म्हणजे काय?' विचारलं की उत्तर येतं, 'सर, एक्स.' एक्स म्हणजे काय? 'काढायचा असतो तो.' त्यांना तरी काय बोलणार! एक्स म्हणजे शोधून काढायची संख्या, हे सातवी-आठवीपासून आम्हीच त्यांच्या डोक्यात भरवलंय. इथे एक्स शोधायचा नसतोच, हे कोणी सांगत नाही.

म्हणून यंदाचा प्रकल्प आधी आणि धडा नंतर, असं ठरवलंय. नाणं नको. नाणं म्हटलं की पोरं ते न उडवताच 'अर्धा' लिहून मोकळी होतात. फाशाचंही तेच, एक छेद सहा. उत्तर आधीच ठाऊक असलेली वस्तू हातात देऊन उपयोग नाही.

काल घरी फडताळ आवरताना चिंचोक्यांचा डबा सापडला. उन्हाळ्यात चिंच फोडली तेव्हाचा. आणि एकदम चल्लस-आठ आठवला. पाच बाय पाच घरांचा पट, प्रत्येकी चार सोंगट्या, आणि फाशाऐवजी एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे म्हणजे चल्लस, दान चार. आणि चारही काळे पडले तर शून्य नाही, आठ! चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं.

हा शेवटचा नियम मला हवा होता. शून्याला आठ म्हणणारा.

२४ जुलै, बुधवार

वर्गात विचारलं तर निम्म्यांना खेळ माहीत होता, नावं मात्र वेगवेगळी. कोणी चौका-बारा म्हणतं, एकीच्या घरी कच कांगरी. मागच्या बाकावरून 'सर, हा बायकांचा खेळ आहे' असं आलं. त्यालाच चिंचोके घासायला बसवला.

व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर पाणी टाकून घासकाम. सोपं नाही ते. साल चिवट असते, चिंचोका बोटातून निसटतो, नखं झिजतात. एका तासात पाच संच झाले. कोणाचा जेमतेम साल निघालेला, कोणाचा अर्ध्यापर्यंत उतरलेला. त्यातला बऱ्यापैकी एक संच प्रकल्पासाठी निवडला, काळ्या बाजूला पांढऱ्या करेक्शन पेनने १ ते ४ नंबर घातले आणि काडेपेटीत ठेवला. बाकीचे चार संच खेळायला.

मग टेबलावर एकदा टाकून दाखवले. पांढरा, काळा, काळा, पांढरा.

'ही संख्या आहे का?'

नाही. हे नुसतं काय पडलं ते झालं. अशा पडण्याच्या तऱ्हा सोळा. तो आपला नमुना अवकाश. आता फळ्यावर तीन माणसं बसवली. पहिला फक्त पांढरे मोजतो, त्याचं नाव एक्स. तो म्हणणार दोन. दुसरा चल्लस-आठचा पंच, त्याचं नाव वाय. तोही दोन म्हणणार. तिसरा पांढऱ्यातून काळे वजा करतो, झेड. तो म्हणणार शून्य. पुन्हा टाकले. नशिबाने चारही काळे. एक्स म्हणाला शून्य, वाय म्हणाला आठ, झेड म्हणाला उणे चार.

वर्ग थोडा वेळ गप्प. मग रोल नंबर १७, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, 'म्हणजे चिंचोके पडायचे ते पडतात. त्याचे किती धरायचे ते एक्स सांगतो.'

पुस्तकात व्याख्या आहे, नमुना अवकाशापासून वास्तव संख्यांपर्यंतचं फलन. ती मी नंतर लिहून दिली. पण वहीत आधी १७ नंबरचं वाक्य लिहायला लावलं.

२७ जुलै, शनिवार

आज कागदावरचं काम. आधी चिंचोका 'सरळ' आहे असं धरू, म्हणजे पांढरा वर यायची संभाव्यता अर्धी. सोळा तऱ्हा लिहून काढल्या. एकही पांढरा नाही अशी १, एक पांढरा ४, दोन पांढरे ६, तीन पांढरे ४, चारही पांढरे १. हे १, ४, ६, ४, १ बघून एकाने पास्कलचा त्रिकोण ओळखला. बरं वाटलं.

वायचा तक्ता करताना वाद झाला. एका गटाने १ ते ८ सगळे रकाने पाडले आणि ५, ६, ७ खाली काय लिहायचं म्हणून अडून बसला. शून्य लिहा म्हटलं. 'मग रकाना कशाला?' बरोबर आहे. वाय फक्त १, २, ३, ४ आणि ८ या किमती घेतो. पण मला ते रकाने हवेच होते, कारण पुढे संचयी वितरण फलनाचा आलेख काढायचा होता. एकपर्यंतची संभाव्यता ४/१६, दोनपर्यंत १०/१६, तीनपर्यंत १४/१६, चारपर्यंत १५/१६. पुढे पाच, सहा, सात, सगळीकडे १५/१६ च. आठवर उडी मारून पूर्ण एक. जिना चढता चढता मध्येच लांबलचक सपाटी लागावी तसा आलेख आला.

खेळणाऱ्यांनी लगेच त्याचा अर्थ लावला. माझी सोंगटी शत्रूच्या पुढे सहा घरांवर असेल तर तो एका दानात मला मारूच शकत नाही. 'चार पडून वर दोन पडले तर?' दुसरी. खरंय, चल्लसवर दान पुन्हा मिळतं. म्हणजे एक दान आणि एक पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे चलही वेगळे. हे आज बाजूला ठेवलं.

अपेक्षित मूल्य : एक्सचं २. वायचं त्यापेक्षा जास्त, कारण शून्याचे आठ होतात, म्हणून आणखी ८ × १/१६, म्हणजे अर्धा. एकूण अडीच. 'पण अडीच कधी पडणारच नाही!' हो, नाहीच पडणार. हजार दानं टाकली तर एकूण घरं अडीच हजारांच्या आसपास होतील, एवढंच त्याचं म्हणणं. मागच्या बाकावरून : 'सर, अडीच घरं घोडा चालतो.' हसू आवरलं नाही.

३० जुलै, मंगळवार

प्रत्यक्ष टाकायला सुरुवात. दहा गट, प्रत्येकी ५० वेळा, संच तोच. नियम ठरवले : ओंजळीत खुळखुळवून टाकायचं, वीतभर उंचीवरून, वर्गातल्या सतरंजीवर. एखादा चिंचोका दुसऱ्यावर चढला किंवा भिंतीला टेकून उभा राहिला तर चारही उचलून पुन्हा. टाकणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याने फक्त काय पडलं ते लिहायचं. दान किती हे नंतर.

पन्नास दानांना बारा-तेरा मिनिटं लागतात. मधल्या सुट्टीत एक गट बसतो. पावसाने मैदान गेलंय, त्यामुळे बघ्यांची गर्दी.

आज पहिल्याच गटाच्या पन्नासात सात वेळा आठ पडलं. पुस्तकी हिशेबाने तीन पडायला हवेत. गटाने माझ्याकडे असं पाहिलं जणू त्यांच्याच हातून काही चुकलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

एका गटाला सुट्टीत जमलं नाही म्हणून काडेपेटी घरी दिली होती. आज वही आली. शून्य पांढरे ३, एक पांढरा १२, दोन १९, तीन १३, चार ३. एकूण बरोबर ५०.

वाचतानाच मला खटकलं. सरळ चिंचोक्यांच्या हिशेबाने पन्नास दानांत अपेक्षित आकडे येतात ३.१, १२.५, १८.८, १२.५, ३.१. यांचे आकडे जणू तेच, पूर्णांक करून लिहिलेले. इतकं गोड जुळत नसतं. बाजूला बोलावून विचारलं, रागावलो नाही. आधी 'टाकले सर'. मग कबूल : वीसेक वेळा टाकले, पण काळेच जास्त यायला लागले, म्हणून वाटलं आपली टाकायची पद्धत चुकतेय, आणि मग 'बरोबर उत्तर' लिहून टाकलं.

यात लबाडी किती आणि आमच्या शिकवण्याची करणी किती, हे मलाही सांगता येईना. प्रयोगशाळेतसुद्धा हेच चालतं, गुरुत्व त्वरण ९.८ आल्याशिवाय जर्नल पुरं होत नाही. मी त्यांची वही परत केली नाही, तशीच ठेवली. धड्याला कामाला येईल. दुपारी माझ्यासमोर पुन्हा पन्नास टाकायला लावले : ६, १७, १६, ९, २. पहिल्या वहीसमोर हे आकडे लिहिताना त्यातल्याच एकाने विचारलं, 'सर, हे बरोबर आहे का?' पडलंय ते पडलंय, म्हटलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

दहा गट झाले. ५०० दानं, २००० चिंचोके. बेरजा दोघींनी स्वतंत्र करून ताडून पाहिल्या :

एकही पांढरा नाही (आठ) : ५७
एक पांढरा : १४८
दोन पांढरे : १७९
तीन पांढरे : ९२
चारही पांढरे (चल्लस) : २४

अर्ध्याच्या हिशेबाने अपेक्षित होते ३१.२५, १२५, १८७.५, १२५, ३१.२५. आठ जवळजवळ दुप्पट! एकूण पांढरे ८७८, म्हणजे २००० पैकी ०.४३९. आमचा चिंचोका सरळ नाही, काळ्याकडे कललेला आहे.

मग पी, म्हणजे एक चिंचोका पांढरा पडायची संभाव्यता, ०.४३९ धरून द्विपद वितरण, म्हणजे चारांत किती पांढरे पडतील त्याचा तक्ता, पुन्हा मांडलं. अपेक्षित आकडे आले ४९.५, १५५, १८२, ९४.९, १८.६. आता ५७ समोर ४९.५, आणि १७९ समोर १८२. वर्गात 'आलं!' असा आवाज झाला.

'आलं' म्हणजे किती जवळ आलं, हा प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा. तरी इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनची १९०० सालची युक्ती दाखवली : प्रत्येक रकान्यात फरकाचा वर्ग घ्या, अपेक्षिताने भागा, सगळ्याची बेरीज करा. नुसत्या आठच्या रकान्यात (५७ वजा ३१.२५) चा वर्ग भागिले ३१.२५, म्हणजे २१.२. पाचही मिळून ३६.२. चिंचोके खरोखर सरळ असते तर ही बेरीज ९.४९ च्या वर जायची संभाव्यता फक्त पाच टक्के. ०.४३९ धरल्यावर बेरीज येते ३.२, आणि तिथली पाच टक्क्यांची हद्द ७.८१. हद्द बदलली कारण पी आपण त्याच आकड्यांतून काढला, ती सूट फुकट मिळत नाही.

एक शंका हुशार पोराकडून आली : 'चिंचोक्याचं ठीक आहे, हाताने घासलेला. फासा तर सरळच असतो ना?' त्यासाठी वेल्डनची गोष्ट राखून ठेवली होती. वेल्डन हे इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी बारा फासे एकदम, असे २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी १८९४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनना कळवल्या. म्हणजे ३,१५,६७२ फासे. पाच किंवा सहा किती वेळा? एक तृतीयांश म्हणजे १,०५,२२४ हवे होते, आले १,०६,६०२. ०.३३३३ च्या जागी ०.३३७७. फरक डोळ्याला दिसणार नाही इतका, पण एवढ्या फाशांत तो योगायोग म्हणून खपत नाही. पिअर्सननी आपली कसोटी ज्या आकड्यांवर लावून दाखवली त्यांत हेही होते. कारण सहसा असं देतात की ठिपके कोरून काढलेले असतात, त्यामुळे पाच-सहाची बाजू किंचित हलकी होते आणि वर येते. एका मुलाने दप्तरातून लुडोचा फासा काढून ठिपक्यांवर नख फिरवलं.

वर्गातून खोलीत आलो तर संस्कृतच्या बाई म्हणाल्या, तुमच्या चिंचोक्यांचा आवाज आमच्या वर्गापर्यंत येतो. त्यांनीच आठवण करून दिली की जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत, आणि वनपर्वातल्या नलाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्याच झाडावरची पानं-फळं न मोजता सांगतो, नल झाड तोडून मोजून खात्री करतो, आणि मग त्याच राजाकडून अक्षविद्या शिकतो. द्यूत आणि अंदाजाने मोजणं एकाच माणसाला येत होतं, एकाच झाडाखाली. हे वर्गात सांगायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

द्विपद वितरणाची एक अट आम्ही गुपचूप गिळली होती : प्रत्येक प्रयत्नात पी तोच. चार चिंचोके चार हातांनी घासलेले, त्यांचा पी एकच कसा असेल? १७ नंबरनेच विचारलं. म्हणून चारही सुटे, प्रत्येकी २०० वेळा टाकले. पांढरे आले :

१ नंबर : ७१
२ नंबर : ८४
३ नंबर : ९६
४ नंबर : १०१

एकूण ८०० पैकी ३५२, म्हणजे ०.४४. आधीच्या ०.४३९ शी छान जुळतं. पण १ नंबर ०.३५५ आणि ४ नंबर ०.५०५, भलतेच वेगळे. हातात घेतले तर दिसतंच, १ नंबर जेमतेम घासलाय, पोट अजून फुगीर.

मग आठ पडायची संभाव्यता चारही वेगळे धरून : ०.६४५ × ०.५८ × ०.५२ × ०.४९५ = ०.०९६. सगळे ०.४४ धरले तर ०.५६ चा चौथा घात, ०.०९८. हाती काय लागलं? जवळजवळ काहीच नाही. अट मोडली होती, पण उत्तराला फारसा धक्का लागला नाही.

गंमत पुढे. मी विचारलं, चिंचोके वेगवेगळे असले तर एक्सचा विखुरलेपणा, म्हणजे प्रचरण, वाढेल की घटेल? सगळा वर्ग : वाढेल. मीही बेसावध असतो तर हेच म्हटलं असतं. काढून बघितलं. सगळे सारखे : ४ × ०.४४ × ०.५६ = ०.९८६. वेगवेगळे : चौघांचे पी गुणिले (१ − पी) यांची बेरीज ०.९७२. घटलं! पटेना, म्हणून टोकाचं उदाहरण दिलं. दोन चिंचोके कायम पांढरेच पडणारे आणि दोन कायम काळेच. सरासरी पी अर्धा, पण एक्स दर वेळी दोनच, प्रचरण शून्य. मग मानलं.

आता आमच्या ५०० दानांचं प्रचरण काढलं : १.०७. म्हणजे हिशेबापेक्षा थोडं जास्तच. आठही जास्त, चल्लसही जास्त. चिंचोके असमान असणं हे त्याचं कारण होऊ शकत नाही, त्याने तर कमी व्हायला हवं. मग एक तर योगायोग (३.२ ची बेरीज बघता तसंच असावं), नाहीतर काही जण न खुळखुळवता चारही एकदम एका बाजूने सोडत होते, म्हणजे चिंचोके एकमेकांपासून स्वतंत्र राहिले नाहीत. माझा एका गटावर संशय आहे, पण पन्नास दानांवरून आरोप करण्यात अर्थ नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

सादरीकरण झालं. तीन गटांनी तक्ते वाचून दाखवले, ते लिहीत बसत नाही. एका गटाने मात्र बाजूला ठेवलेला पाळीचा प्रश्न उचलला होता. पुन्हा दान मिळायची संभाव्यता सरळ चिंचोक्यांत १/८. एका पाळीची अपेक्षित घरं ई मानली तर ई = २.५ + ई/८, म्हणून ई = २०/७, साधारण २.८६. अनंत श्रेणी न लिहिता काढलं! आमच्या काळ्याकडे कललेल्या संचाने ते जवळपास २.९५ होतं. म्हणजे वाकडे चिंचोके खेळ किंचित वेगाने पुढे नेतात.

त्यातली एक म्हणाली, घरी आजीला हे सगळं दाखवलं. आजीने पहिला प्रश्न विचारला : तीनदा लागोपाठ चल्लस किंवा आठ पडलं तर काय धरता? त्यांच्याकडे तसं झालं की सगळं जळतं, पाळीच फुकट. आमच्या ई मध्ये हे नाही. नियम बदलला म्हणजे चल बदलला, आता तक्ता पुन्हा. आणि दुसरं : चिंचोके पारखल्याशिवाय खेळायला घेतलेच कसे? ज्याची काळी बाजू फार वर येते तो आणखी घासायचा, म्हणाली.

१ नंबर काडेपेटीतून काढून त्या मुलीकडे दिला. तिने तो व्हरांड्यातच आणखी उतरवला आणि लगेच टाकायला बसली. घंटा होईपर्यंत ६० झाले, त्यात २७ पांढरे. उरलेले १४० सोमवारी टाकायचे. काडेपेटी यावेळी माझ्याकडेच ठेवलीय.